हातपाठ

रक्त घ्यायला येणारी मुलगी उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची, मोरीत जाऊन हात धुवायची आणि मग पिशवीतून राखाडी रंगाचे, कोपरापर्यंत येणारे पातळ मोजे काढून दोन्ही हातांत चढवायची. त्यावर दवाखान्यातले नेहमीचे रबरी हातमोजे. एवढं झालं की तिचे हात बदलायचे. चेहरा बावीस वर्षांच्या तन्वीचाच असायचा, थोडा झोपाळू, थोडा घाईतला. पण हात एखाद्या पोक्त बाईचे वाटायचे. सावकाश, खात्रीने फिरणारे.

कलावतीबाईंच्या हृदयातली झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. ती गोळी घेणाऱ्याला एक गुरुवार आड रक्त तपासून घ्यावं लागतं. त्यांच्या शिरा सुतासारख्या बारीक आणि सुई दिसताच बाजूला सरकणाऱ्या. पूर्वी लॅबमधली मुलं चारचार ठिकाणी टोचून हात निळा करून जायची. मोजे आल्यापासून एकदाच टोचणं, तेही कळत नसे.

त्या गुरुवारीही तसंच झालं. नळी भरली, कापूस दाबला, तन्वीने रबरी हातमोजे काढून डब्यात टाकले. मग राखाडी मोज्यांतले तिचे दोन्ही हात वर उचलले गेले, कलावतीबाईंच्या गालांवरून हलकेच फिरले आणि तिने स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा.

"माझं नाही हे, आजी," ती ओशाळून म्हणाली. "मोजाच करतो. जिचे हात यात भरलेत ना, त्या बाईंची सवय आहे म्हणे."

"असू दे की गं. माझी आई करायची अशी अलाबला," कलावतीबाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीला सांग, येवढं मात्र काढू नका म्हणावं."

"तेच काढणार आहेत. तक्रारी आल्यात. वेळ जातो म्हणून."

दाराशी उभी राहून प्रतीक्षा हे सगळं बघत होती. ती कलावतीबाईंची सून. सासूला ती आत्या म्हणायची. ज्यांनी जुनं इचलकरंजी ऐकलंय त्यांना आठवेल, एके काळी या गावात मागांचा खडखडाट थांबला की माणसं झोपेतून दचकून जागी व्हायची. आता शांततेचीच सवय झाली होती. साधे माग उरले होते थोडेच, आणि त्यांतल्या एका कारखान्यात प्रतीक्षा सोळा वर्षं कांड्या भरत होती, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळत होती. मालकांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर शटर खाली. प्रत्येकीला एकरकमी एक लाख दहा हजार मिळणार होते. त्या पैशांत काय करायचं हे एकदाच ठरवता येणार होतं. चुकलं तर दुसरा डाव नव्हता.

"तन्वी," तिने विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?"

"मोज्याचं? दीड महिना. कम्युनिटी कॉलेजात शिंगारे सरांना भेटा."

---

कम्युनिटी कॉलेज सुताच्या एका जुन्या गोडाऊनमध्ये होतं. भिंतींना रंग दिला होता, तरी पावसाळी हवेत कांजीचा आंबूस वास यायचाच. शिंगारे सर पूर्वी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. समोरच्याला गिऱ्हाईक न समजणारा माणूस. त्यांनी दोन्ही कोर्स समोर मांडले.

"रक्तनमुना सहाय्यकाचं प्रमाणपत्र दोन तऱ्हेचं आहे, ताई. एक मोज्याचं. दीड महिना, फी अठरा हजार. लगेच नोकरी, पगार चोवीस हजार. त्यातले सात हजार मोज्याचं भाडं म्हणून कंपनी दरमहा कापून घेते. काम कराल तोवर."

"तोवर म्हणजे?"

"कायम. दुसरं प्रमाणपत्र स्वहस्ताचं, म्हणजे मोज्याविना. वर्षभर, फी साठ हजार, वर्षभर कमाई शून्य. नंतर पगार तोच चोवीस, पण सगळा तुमचा."

"मग लोक दुसरं का घेत नाहीत?"

"वर्षभर घर कोण चालवणार? शिवाय त्यात शंभर जिवंत माणसांचं रक्त माझ्या देखत काढून दाखवावं लागतं. मोज्याचं टेबल शेजारी असताना शिकाऊ बाईपुढे हात कोण धरणार? मागच्या वर्षी दोघी होत्या. दोघींनी अर्ध्यावर सोडलं."

सरांनी कपाटातून मोज्यांची जोडी काढली. "घालून तर बघा."

मोज्यात केसापेक्षा बारीक तंतू होते. विजेच्या इशाऱ्यावर ते स्नायूंसारखे आखडत आणि सैल पडत. एखाद्या कसलेल्या माणसाने काम करताना त्याच्या हातांची प्रत्येक हालचाल, प्रत्येक दाब टिपून ठेवायचा, आणि तो दुसऱ्याच्या हातांवर जसाच्या तसा चालवायचा. कविता तोंडपाठ असते तसं हे काम हातपाठ, म्हणून लोकांनी त्याला हातपाठ नाव दिलं होतं.

टेबलावर सरावासाठी रबराचा एक हात होता. प्रतीक्षाच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप पुढे गेलं, रबरी हातावर टेकलं, थबकलं, किंचित डावीकडे सरकलं. तिथे काहीतरी लवलवलं. शीर. सुई आत गेली तेव्हा तिला वाटलं, आपण हे जन्मभर करत आलोय. मग दोन्ही हात हवेत उचलले गेले, समोर कुणी नसताना गाल कुरवाळून आले, आणि कानशिलांवर बोटं मोडली गेली.

सर हसले. "यंत्राला शिकवलं होतं, जी हालचाल दर वेळी येते ती कामाचा भाग समज. ज्यांचे हात टिपले त्या बाई प्रत्येक पेशंटची दृष्ट काढायच्या. यंत्राने तेही काम धरलं."

मोजे काढल्यावर प्रतीक्षाने पुन्हा तो रबरी हात चाचपून बघितला. रबर नुसतं रबर लागलं.

"सर, दीड महिना घातल्यावर मोजे काढले, तर हाताला किती येतं?"

"फारसं नाही." सरांनी मोजे घडी घालून कपाटात ठेवले. "हात शिकतो चुकल्यामुळे. सुई बाजूला गेली की हाताला कळतं, आपला अंदाज कुठे फसला, आणि पुढच्या वेळी तो तेवढा सुधारतो. मोजा चुकायच्या आधीच सावरून घेतो. चुकूच देत नाही, म्हणून शिकूही देत नाही. पोहायला शिकणाऱ्याला कुणी सतत पोटाखाली हात देऊन धरलं तर?"

"मग मी कोणतं घेऊ?"

"ते मी सांगणार नाही. भाडं उद्या वाढेल का, माहीत नाही. सुईसकट सगळंच काम यंत्र करायला लागेल का, तेही माहीत नाही. मला आजचे आकडे माहीत आहेत, ते सांगितले."

---

संध्याकाळी जेवणाआधी तिने नवऱ्यापुढे तेच आकडे ठेवले. ओंकार सुताचे बाचके वाहणारा बॅटरीचा टेम्पो चालवायचा. खेपा कमी झाल्या होत्या.

"वर्षभर बसून खायचं," तो म्हणाला, "आणि बरोबरी कधी व्हायची?"

"आजपासून साडेतीन वर्षांनी. थोडं पुढेमागे. त्यानंतर दरमहा सात हजार जास्त."

"साडेतीन वर्षांनी सुई तरी राहील का? आज हातात येतंय ते घे की."

"मागावर पण हेच म्हणालो होतो आपण," प्रतीक्षा म्हणाली. "आज मिळतंय ते घे. सोळा वर्षं घेतलं. उद्या शटर पडलं की माझ्याजवळ काय राहतं? कांडी मालकाची, मशीन मालकाचं."

"हात तर तुझेच होते."

"तेच म्हणते मी. ते यात पण माझे राहिले पाहिजेत."

कलावतीबाई भाकरी मोडत ऐकत होत्या. "तू मोजाच घे बाई," त्या म्हणाल्या. "तुझं शिकणं माझ्या हातावर नको. मला एकदा टोचलं तरी हातभर निळं होतंय."

"तुम्हाला हात धरा म्हणून कोण म्हणालंय, आत्या?"

"म्हणशील. शंभर माणसं आणणार कुठनं तू?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन तिने मिरजेची बस धरली. ज्या बाईंचे हात आपल्या हातात पाव तास येऊन गेले, त्यांना एकदा विचारावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. पत्ता शिंगारे सरांनीच दिला होता.

---

एस्तेर सिस्टर सत्तरी ओलांडलेल्या. चर्चमागच्या चाळीत दोन खोल्या, खिडकीत तुळस नि ओव्याचं झाड. त्यांनी दार उघडलं तेव्हा प्रतीक्षाचं लक्ष आधी हातांकडे गेलं. दोन्ही हात थरथरत होते. कंपवाताचे.

"बघितलंस ना? सगळे तिकडेच बघतात आधी," सिस्टर म्हणाल्या. "ये आत. चहा घेशील?"

चहाचं भांडं त्यांनी राखाडी मोज्याने धरून उतरवलं. प्रतीक्षा बघतच राहिली.

"कंपनीने एक जोडी भेट दिली होती. पहिलं वर्ष फुकट. त्या वर्षात मी रोज घालून बसायची. माझेच हात, पण न थरथरणारे. शिवणसुद्धा केलं. मग भाडं मागायला लागले. माझ्याच हाताचं भाडं मी कशाला देऊ? म्हटलं, बंद करा. आता भांडं धरायला बरे पडतात. चटका लागत नाही."

"तुम्हाला पैसे मिळाले ना, सिस्टर?"

"मिळाले की. एकदाच, पण चांगले मिळाले. खोलीचं छत घातलं. तक्रार नाही माझी." चहा देताना कप बशीवर वाजला. "तुला काय विचारायचंय?"

प्रतीक्षाने आकडे सांगितले. आता ते तिला तोंडपाठ झाले होते. सिस्टरनी ते शेवटपर्यंत ऐकले.

"आम्ही शिकायला लागलो तेव्हा काही जुन्या सिस्टर होत्या. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे दिवस त्यांनी बघितलेले. त्यांतली एक आमच्या मागे उभी राहायची, आणि सुई चुकली की काही न बोलता पेशंटच्या हातावर बर्फ ठेवायची. पहिल्या वर्षी मी किती जणांचे हात निळे केले ते देवाला माहीत. पुढे एका गवळ्याच्या मुलाची शीर मला एका बोटात सापडली, तेव्हा मी त्याची दृष्ट काढली. त्याची म्हणून नाही, माझ्याच नशिबाची. मग ती सवयच लागली."

त्यांनी आपला कप बाजूला सारला.

"कंपनीचे लोक आले ते मी चांगली झाल्यावर. त्यांनी चांगले हात टिपून नेले. ते निळे डाग नेले नाहीत. त्यांना नको होते. पण बाई, हे मोजे आहेत दहा वर्षांपूर्वीच्या हातांचे. उद्या नवी सुई येईल, नवा आजार येईल. तेव्हा टिपून न्यायला चांगले हात आणणार कुठून, सगळे मोजेच घालत असतील तर?"

"म्हणजे मी वर्षभराचंच घ्यावं?"

"मी कशाला सांगू? घर तुझं, पोट तुझं." सिस्टरनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. तो थरथरत होता. "तुझ्या शंभरातला पहिला हात हा धर. थरथरतोय, पण शिरा आहेत यात. जमव कसं ते."

परतीच्या बसमध्ये प्रतीक्षाने पुन्हा हिशेब केला. आकडा बदलला नव्हता. साडेतीन वर्षं, थोडं पुढेमागे. तरी उतरताना तिचं ठरलं होतं.

---

दिवाळीनंतर तिने साठ हजार भरले. उरलेल्या पन्नासात आणि ओंकारच्या खेपांत वर्ष काढायचं होतं. तो काही दिवस धुसफुसला. मग एक दिवस म्हणाला, "केलंसच आहेस तर आता मध्ये सोडू नकोस." त्याने टीव्हीचं पॅकेज बंद केलं, पहाटे दूधवाल्याच्या खेपा धरल्या.

सुरुवातीचे महिने पुस्तकाचे आणि रबरी हाताचे गेले. मग दर गुरुवारी कॉलेजात फुकट रक्ततपासणीची दोन टेबलं लागू लागली. एकावर मोजा घातलेली तन्वी किंवा तिची एखादी मैत्रीण, दुसऱ्यावर उघड्या हातांची प्रतीक्षा. हातात तेच नेहमीचे रबरी हातमोजे, बाकी काही नाही. मोज्याच्या टेबलाची रांग जिन्यापर्यंत जायची. प्रतीक्षापुढची खुर्ची मोकळी. लोक नजर चुकवून जायचे. तिच्याबरोबर कांड्या भरणारी सुनीता तर हसून म्हणाली, "तुझ्या हातची भाकरी खाईन गं, सुई नको."

दुसऱ्या गुरुवारी एस्तेर सिस्टर आल्या. बरोबर चर्चमधल्या सहा म्हाताऱ्या, मिरजेहून व्हॅन ठरवून.

"या सगळ्या माझ्या प्रार्थनेतल्या," सिस्टर म्हणाल्या. "एकीचीही शीर धड नाही. शिकायला उत्तम."

पहिल्या तीन वेळा सुई चुकली, दोनदा सिस्टरच्या हातावर, एकदा शेजारच्या म्हातारीच्या. थरथरणाऱ्या हातावर नेम धरायचा म्हणजे हलत्या मागावर तुटलेला धागा जोडण्यासारखं होतं, फक्त इथे धागा माणसाच्या आत होता. सिस्टरनी बर्फाची पिशवी काढली आणि काही न बोलता स्वतःच्या हातावर ठेवली. शेजारची म्हातारी आपला निळा डाग बघून म्हणाली, "माझा मोठा आलाय. फूल आल्यासारखा."

पण चौथ्या वेळी, पुन्हा सिस्टरच्याच हातावर, बोटाखाली काहीतरी लवलवलं. मोज्यात जाणवलं होतं तेच, फक्त या वेळी बोट तिथे तिने स्वतः नेलं होतं. सुईच्या मागच्या टोकात लाल ठिपका उमटला.

"हं," शिंगारे सर एवढंच म्हणाले, आणि वहीत खूण केली.

आठवड्यांमागून आठवडे म्हाताऱ्या येत राहिल्या. मग त्यांच्या सुना, शेजारणी. सुनीताही एकदा डोळे मिटून बसून गेली. निळे डाग कमी होत गेले. तरी वर्ष संपत आलं तेव्हा शंभरातले काही हात अजून कमी पडत होते. आणि पैसे वाचवायला आता कॉलेजातच रक्त द्यायला येणाऱ्या कलावतीबाई दर वेळी, सून समोर असताना, मोज्याच्याच रांगेत उभ्या राहत होत्या.

सप्टेंबरमध्ये मोज्यांची नवी आवृत्ती आली. तन्वीने कलावतीबाईंचं रक्त घेतलं, कापूस दाबला, नळीवर चिठ्ठी लावली आणि म्हणाली, "झालं आजी. पुढचे."

कलावतीबाई बसूनच राहिल्या. चेहरा पुढे करून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या उठल्या.

"काढलं ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. प्रत्येकी वीस सेकंद वाचतात."

पुढच्या तपासणीला त्या रिक्षातून उतरल्या त्या सरळ प्रतीक्षापुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या. शिंगारे सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"आत्या, रांग तिकडे आहे," प्रतीक्षा म्हणाली.

"दिसतंय मला." त्यांनी पदर सावरून हात पुढे केला. "एकदाच टोचायचं. दुसऱ्यांदा टोचलंस तर घरी गेल्यावर तुझं काही खरं नाही."

प्रतीक्षाने पट्टा आवळला. त्या हातावर किती जुने डाग होते ते तिला ठाऊक होतं, कारण त्यावर तेल तीच लावत आली होती. तिने बोट टेकवलं. काही लागलं नाही. तिने घाई केली नाही. बोट थोडं खाली नेलं, दाब कमी केला, वाट बघितली. सुतासारखी शीर बोटाखाली आली, सरकू लागली, आणि तिने अंगठ्याने कातडी ताणून ती अडवली. हे तिला मोज्याने दाखवलं नव्हतं. मोजा असं करत नसे. मिरजेच्या सहा म्हाताऱ्यांच्या हातांवर फसत फसत तिला ते सापडलं होतं.

लाल ठिपका उमटला. नळी भरली. कलावतीबाईंनी डोळे उघडले तेव्हा कापूस दाबून झाला होता.

"झालं?"

"झालं."

तिने रबरी हातमोजे काढून डब्यात टाकले. मग तिचे हात वर गेले, सासूच्या गालांवरून फिरले आणि तिने आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा, सगळी दहा.

"हे कॉलेजात शिकवतात का?" कलावतीबाईंनी विचारलं. आवाज थोडा ओला होता, म्हणून त्या लगेच पुढे म्हणाल्या, "कापूस नीट दाब. साडीला लागेल."

शेजारच्या टेबलावर काम थांबलं होतं. तन्वी बघत होती. तिने राखाडी मोजे कोपरापासून खाली सोलून काढले, आपले उघडे हात उलटसुलट करून बघितले, आणि रांगेतल्या लोकांची कुरकुर चालू झाली तरी उठून प्रतीक्षाजवळ आली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मोज्याशिवायच्याला सगळा मिळून खर्च किती येतो हो?"

आकडा प्रतीक्षाच्या ओठांवर होता. फी साठ हजार, वर्षभराची बुडालेली कमाई, साडेतीन वर्षांनी बरोबरी. ती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तिची नजर सासूच्या हातावरच्या जुन्या डागांवर गेली, मग आठवल्या चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या, ओंकारच्या पहाटेच्या खेपा, आणि मिरजेतल्या टेबलावर उताणा ठेवलेला थरथरता हात. यांतलं काय धरायचं आणि काय सोडायचं? आणि हे सगळं जर धरलं, तर हिशेब नेमका कुणाच्या नावावर मांडायचा?